अलमारीतली पळी

आमच्याकडे लहान मूल जेवेना झालं की एक गाणं म्हणायचे. गाणं कसलं, सहा ओळींचं गुणगुणणंच ते.

पळी गेली पाण्याला,
तांब्या आला न्यायाला,
सूप बसलं पाटावर,
मुसळ निघालं वाटेवर,
दिवा म्हणे, थांबा गडे,
बाळाचा घास कुणीकडे?

‘कुणीकडे’ आलं की मूल आपसूक तोंड उघडायचं आणि घास आत जायचा. एवढाच त्या गाण्याचा धर्म. पळीला पाण्याला का जावं लागलं, असं मी नवी नवरी असताना सासूबाईंना विचारलं होतं. त्या म्हणाल्या, “तू विचारत बस, तोवर वरण गार होतंय.” तेव्हा आमच्या घरात मूल नव्हतं, पण शेजारपाजारची दोन-तीन जेवायला आमच्याकडेच असायची, कारण सासूबाईंच्या हातून मूल जेवतं अशी त्यांची ख्याती होती. मी त्यांच्याकडूनच गाणं उचललं, हातवाऱ्यांसकट.

ह्या गाण्यापायी ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या शहाण्यासुरत्या बायकांनी काय काय केलं ते सांगते. पण आधी आम्ही कोण ते सांगायला हवं.

आम्ही ग्वाल्हेरची मराठी माणसं. दक्षिणेतून आलो म्हणतो. केव्हा आलो म्हणाल तर कित्येक पिढ्या झाल्या, पण बोलायला बसलो की असं वाटावं की काल संध्याकाळीच घोड्यावरून उतरलोय. कुणाचे खापरपणजे फौजेत होते, कुणाचे दरबारात कागद लिहीत होते, कुणाचे पूजा सांगत होते. राज्य विलीन झालं आणि घोडेही गेले, दरबारही गेला. राहिला तो रुबाब. तो कुठल्याच कागदावर नसल्यामुळे सरकारला विलीन करता आला नाही. मग मध्यभारत झाला. आमच्या ह्यांचं दफ्तर वर्षातले काही महिने इथे आणि काही महिने इंदुरात असायचं. फायलींबरोबर कारकूनही बांधून न्यायचे म्हणा ना. छप्पनच्या दिवाळीत तेही राज्य मोडलं, राजधानी भोपाळला गेली आणि हे एक वळकटी आणि स्टोव्ह घेऊन तिकडे गेले. क्वार्टर मिळालं की मी आणि सासूबाईंनी मागून जायचं ठरलेलं होतं.

मला जायचं नव्हतं. कारण सांगते.

मी चौथीपर्यंतही शिकलेली नाही. वाचायला शिकले ते पाटणकर बाजारातल्या किराणावाल्याच्या पुड्यांवरून. साखर डब्यात ओतली की पुडी उलगडून वाचायची. अर्ध्या बातम्या, अर्ध्या जाहिराती, कुणाच्या तरी कोर्टातल्या साक्षी. शेवट कशाचाच मिळायचा नाही, पण अक्षर बसलं. हे दफ्तरातले रद्द कागद आणायचे, त्यांच्या पाठीवर लिहायला शिकले. आणि त्या बळावर मला कंपू मोहल्ल्यातल्या मराठी महिला मंडळाच्या बालवर्गावर ठेवून घेतलं होतं. पंधरा-सोळा मुलं, एक खोली, एक सतरंजी. मुलं मला “बाई” म्हणायची. घरात मी सूनबाई, शेजारी अमक्यांची बायको. पण त्या खोलीत मी नुसती बाई. त्या हाकेची मला चटक लागली होती, खोटं कशाला बोलू.

नव्या राज्याने फतवा काढला की असे सगळे वर्ग तपासले जातील. शिक्षणखात्याचे साहेब येऊन बघणार. पसंत पडला तर वर्गाला मान्यता आणि शिकवणारीची नेमणूक पक्की. नाही पडला तर महिनाअखेर वर्ग बंद. म्हणजे माझ्यापुरतं बघायचं तर साहेबाने मान डोलावली की मी इथे बाई, नाही डोलावली की भोपाळच्या गाडीत सासूबाईंच्या पोत्यांवर बसलेली. पोती तर शिवून तयारच होती. सासूबाईंना प्रवासाची तयारी वेळेआधी महिनाभर करायची हौस. रोजच्या वापराची चार भांडी सोडून सगळा संसार त्यांनी गोणपाटात घालून दाभणाने शिवून टाकला होता, आणि आम्ही दोघी एका पातेल्यात आळीपाळीने भात आणि भाजी करून जेवत होतो.

त्या फतव्यात एक कलम होतं. मुलांना गाण्यातून शिकवा आणि गाण्यात ज्या वस्तू येतात त्या प्रत्यक्ष दाखवा. मी म्हटलं, हे तर सोपं. घरची पळी, तांब्या, सूप नेते. पण ही गोष्ट मंडळाच्या सभेपुढे गेली, आणि सभेपुढे गेलेली सोपी गोष्ट मी आजवर सोपी परत आलेली पाहिलेली नाही.

अध्यक्षीणबाई दरबारी घराण्यातल्या. सभेत बसताना पाठीला लोड लागायचा त्यांना. त्यांच्यासमोर बसायच्या पागेवाल्या काकू. सासऱ्यांचे आजोबा घोड्यांच्या पागेवर होते, म्हणून सगळं लष्कर त्यांना पागेवाल्या म्हणायचं, आणि त्यांना ते आवडायचं.

अध्यक्षीणबाई म्हणाल्या, “वस्तू शाळेने विकत आणायच्या नाहीत. आपल्या घराण्यांनी द्यायच्या. मी चांदीची पळी देते.”

पागेवाल्या म्हणाल्या, “आणि त्यावर नाव घालायचं. नाहीतर उद्या सरकार म्हणेल, आमचंच आहे.”

हे नाव घालण्याचं वेड आमच्या लोकांत फार. वाटीपासून हंड्यापर्यंत सगळ्यांवर टिंबं टोचून नाव. लग्नात कुणी काय दिलं ते पन्नास वर्षांनी सुद्धा भांडं उलटं करून वाचता येतं. सराफ्यात एक म्हातारा छिन्नी-हातोडी घेऊन तेवढंच काम करत बसलेला असायचा. तर पळीवर नाव, तांब्यावर नाव, पाटाला पितळी पट्टी आणि तिच्यावर नाव, दिव्याऐवजी समई आणि तिच्या बैठकीवर गोल फिरवून अख्खी वंशावळ, असं ठरलं. मग गाडी सुपाशी येऊन थांबली.

“सुपावर नाव कसं घालणार?” कुणीतरी विचारलं.

बांबूच्या सुपावर छिन्नी मारली तर सूपच जायचं. मुसळाचंही तेच, लाकडी.

“मी काय म्हणते,” अध्यक्षीणबाई म्हणाल्या, “सूप मुळात गाण्यात असणारच नाही. आमच्याकडे म्हणायचे, कलमदान बसलं पाटावर.”

“अस्सं?” पागेवाल्या म्हणाल्या. “आमच्याकडे मुसळही नव्हतं बरं का. भाला निघाला वाटेवर. दक्षिणेतून येताना बायका मुलांना घोड्यावर हेच म्हणत आल्या.”

मी कोपऱ्यात हजेरीचं पुस्तक घेऊन उभी होते. म्हटलं, “अहो पण काकू, मुलाला जेवू घालताना भाला...”

“तुम्ही नोकरीवर आहात ना बाई?” अध्यक्षीणबाईंनी विचारलं. मी हजेरीच्या पुस्तकात मान घातली. मला नोकरीवर राहायचं होतं.

राज्यं विलीन झाली, पण ह्या दोन घराण्यांची गाणी काही एका बैठकीत विलीन होईनात. दोन तास चाललं. शेवटी ओळी वाटून घेतल्या, एक ह्यांची, एक त्यांची. कलमदान बसलं, भाला निघाला. सूप आणि मुसळ गेली. पागेवाल्या वर म्हणाल्या, “आपली शुद्ध मराठी परंपरा मुलांना मिलायला पाहिजे. आणि सामान अलमारीत ठेवून चाबी लावा, हिफाजत राहील.” त्या शुद्ध मराठीत हिंदी शब्द किती, ते मी मोजलं नाही.

वस्तू आल्या, काचेच्या अलमारीत बसल्या. भाला आत मावेना, म्हणून अलमारीच्या कडेला सुतळीने बांधला. किल्ली अध्यक्षीणबाईंच्या कमरेला. मुलांनी हात लावला तर डाग पडतील, नाव झिजेल. मग रोज सकाळी मुलं अलमारीसमोर हात जोडून उभी राहायची आणि देवळात आरती म्हणावी तसं कलमदान-भाला म्हणायची. रोज कुणीतरी बाई डोकवायची आणि आपली वस्तू जागेवर आहे ना ते बघून, मुलांना बोट दाखवून सांगायची, “हे कुणाचं? आमचं. हात लावायचा नाही हं.” मी घरी सासूबाईंना ह्यातलं काही बोलले नाही. त्यांच्या गाण्याचं हे असं केलेलं सांगायची लाज वाटत होती.

साहेब आले ते डिसेंबरातल्या एका गारठ्याच्या सकाळी. जबलपूरकडचे, गळ्यात मफलर, बरोबर एक वही. बारीक, सभ्य माणूस. मुलं कानटोप्या घालून ओळीत. गाणं झालं. साहेबांनी मान हलवली आणि अध्यक्षीणबाईंना म्हणाले, “अलमारी खोलिए ज़रा, बच्चों के हाथ में दीजिए।”

“खोल तो देते,” अध्यक्षीणबाई आपल्या हिंदीत म्हणाल्या, “पर बहुत पुरानी चीज़ें है. आप बाहर से देखो ना.”

किल्ली कमरेलाच होती. साहेबांनी ती पाहिली. पहिल्या ओळीतल्या एका शेंबड्या मुलीजवळ गुडघ्यावर बसले, काचेतून पळी दाखवली.

“बेटी, ये क्या है?”

“अध्यक्षीणबाईंची.”

“हाँ, पर है क्या?”

“चांदीची.”

“अच्छा. इससे क्या करते हैं?”

मुलगी ठणठणीत आवाजात म्हणाली, “हात नहीं लगाते.”

साहेब पुढच्या मुलाकडे वळले. भाला दाखवला. “और ये?”

“पागेवाल्या काकूंचा.”

“इससे क्या होता है?”

“अंगावर पडतो.”

खरं होतं, दोनदा पडला होता. साहेबांनी सगळ्या वस्तू विचारल्या. तांब्या कुणाचा, समई कुणाची, कलमदान कुणाचं, सगळं मुलांना पाठ. पागेवाल्या काकूंचा चेहरा इतका फुलला की मला वाटलं, त्यांना हे फारच छान चाललंय असं वाटतंय. आणि वाटतच होतं. साहेब उठले, वही मिटली आणि मला म्हणाले, “बाईजी, बच्चे मालिक को पहचानते हैं, चीज़ को नहीं।”

अध्यक्षीणबाई मात्र पुढे होऊन म्हणाल्या, “पहले भोजन! श्रीखंड-पूरी है.” पाहुणचारात आम्ही लोक कमी पडत नाही. साहेब म्हणाले, जेवण झाल्यावर शेरा लिहीन आणि मग निघेन.

म्हणजे माझ्याकडे एक जेवण एवढा वेळ होता. मी अध्यक्षीणबाईंना दाराशी गाठलं. “बाई, किल्ली द्या. पाच मिनिटं.”

“वेडी का काय तू? लहान मुलांच्या हातात चांदी?”

मी मुलांना खाऊच्या रांगेत बसवलं, झाडणाऱ्या मावशींना लक्ष ठेवायला सांगितलं आणि पदर खोचून कंपूपासून आमच्या घरापर्यंत जवळजवळ पळतच गेले.

सासूबाई उन्हात पोत्याला टेकून बसल्या होत्या. मी धापा टाकत म्हटलं, “आई, पळी, सूप, पाट, मुसळ, सगळं हवंय. आत्ता.”

“ते पोत्यात आहे.”

“पोतं उसवायचं.”

“शिवलेलं पोतं मी उसवायची नाही. तीन दिवस घालवलेत. आणि पास झालीस काय, नापास झालीस काय, जायचं तर आहेच ना भोपाळला?”

आता नवऱ्याच्या आईला तोंडावर कसं सांगायचं की मला नाही जायचं? त्या काळी असं वाक्यच सुनांना येत नसे. मग, काय सुचलं कोण जाणे, म्हटलं, “तुमचं गाणं बदललंय आई त्यांनी. सूप काढून टाकलं. मुसळही. आता कलमदान बसतं पाटावर आणि भाला निघतो वाटेवर.”

सासूबाईंनी डोळे बारीक केले. “कलमदान?”

“हो.”

“पाटावर कलमदान बसलं, मग जेवणार कोण, दौत?”

“अध्यक्षीणबाई म्हणतात, त्यांच्याकडे असंच म्हणायचे.”

“त्यांच्याकडे मुलांना स्वैपाकीण जेवू घालायची. त्यांना काय ठाऊक!” त्या उठल्या, विळी ओढली आणि तिच्या पात्याने पोत्याची शिवण अशी टराटरा फाडली की तीन दिवसांचं काम तीन श्वासांत गेलं. पळी निघाली, दांडा वाकलेली. तांब्या निघाला, पोचा पडलेला. सुपाची एक कड सासूबाईंनीच जुन्या लुगड्याच्या काठाने शिवलेली. मी मुसळाला हात घातला तर म्हणाल्या, “सोड. तुझ्याने सांभाळायचं नाही. मी येते.”

आणि त्या आल्या. नऊवारी, पायात वहाणा, खांद्यावर मुसळ. मी मागे, डोक्यावर पाट, काखेत सूप. बाजारातला कापडवाला ओरडला, “माँजी, कहाँ चढ़ाई है?”

“शाळेत!” सासूबाईंनी न थांबता सांगितलं.

आम्ही पोचलो तेव्हा साहेब हात पुसत पडवीत उभे होते. त्यांच्या पाठीशी मंडळ, विड्याचं तबक घेऊन. सासूबाईंनी साहेबांकडे पाहिलंच नाही. सरळ खोलीत जाऊन मुलांच्या मधोमध बसल्या आणि सामान सतरंजीवर ओतलं. त्या धातूच्या खणखणाटाने मुलं अशी काही धावली की मला वाटलं, आता काही फुटतं.

“सांडा, आपटा, काही बिघडत नाही,” सासूबाई म्हणाल्या. “म्हणा माझ्यामागून.”

एका मुलाने सूप डोक्यावर घेतलं. दुसरा मुसळ उचलायला गेला, उचलेना, तर चौघं मिळून भिडले. शेंबडी मुलगी पळी घेऊन खोलीभर फिरली, कारण पळी पाण्याला गेली होती आणि पाणी कुठे आहे हे तिला ठरवायचं होतं. ‘बाळाचा घास कुणीकडे’ आलं तेव्हा ती साहेबांपुढे थांबली आणि रिकामी पळी त्यांच्या तोंडाशी नेली. साहेब पोटभर श्रीखंड जेवलेले. तरी त्यांनी तोंड उघडलं.

मग त्यांनी विचारलं, “बेटी, ये क्या है?”

“पळी.”

“इससे क्या करते हैं?”

“डाल परोसते हैं. और आई मारती है.”

साहेब हसले. पोचा पडलेला तांब्या उचलून वर धरला आणि सगळ्या मुलांना विचारलं, “ये किसका है?”

मुलं एकमेकांकडे बघू लागली. कुणालाच माहीत नव्हतं. “पाणी प्यायचाय,” एकजण म्हणाला.

पागेवाल्या काकू माझ्या कानाशी कुजबुजल्या, “बघा, आता गप्प बसली कार्टी. मघाशी कशी धडाधड सांगत होती.”

साहेबांनी तिथेच उभ्या उभ्या वहीत लिहिलं. काय लिहिलं ते मला दिसलं नाही. जाताना त्यांनी सासूबाईंना वाकून नमस्कार केला, तेव्हा त्या म्हणाल्या, “थंडीचं टोपी घालत जा.” मराठीतच. त्यांना ते कळलं असावं, त्यांनी मफलर डोक्यावर घेतला.

दोन महिने काहीच नाही. त्या दोन महिन्यांत मंडळाचा अहवाल मात्र छापून आला. त्यात चांदीच्या पळीचे आभार होते, कलमदानाचे होते, भाल्याचे तर अर्धं पान. मुसळाचा उल्लेख नव्हता. मी विचारलं नव्हतं, तरी अध्यक्षीणबाईंनी आपणहून खुलासा केला, “तुमच्या सासूबाईंच्या सामानावर नाव नव्हतं ना, म्हणून अहवालात घेता आलं नाही.” मी म्हटलं, बरोबर आहे.

आणि मग फेब्रुवारीत कागद आला. नव्या राज्याचे कागद अजून छापून झाले नव्हते, म्हणून जुनाच कागद वापरला होता. वर छापलेलं ग्वालियर खोडून कुणी मध्यभारत लिहिलेलं, मध्यभारत खोडून मध्यप्रदेश. तीन सरकारांच्या खाली, चौथ्या ओळीत, माझं नाव होतं. वर्गाला मान्यता, आणि शिक्षिका म्हणून माझी नेमणूक. ते मी मंडळाच्या खोलीत तीनदा वाचलं. पुडीच्या कागदासारखा हा मधेच तुटत नव्हता, शेवटी सही आणि शिक्का होता.

त्याच आठवड्यात भोपाळहून ह्यांचं पत्र. ‘क्वार्टर मिळालं. दोन खोल्या आहेत, मागे पेरूचं झाड आहे. आईला घेऊन लगेच निघ. खानावळीचं जेवण आता जात नाही.’

मी रात्रभर विचार वगैरे काही केला नाही. संध्याकाळी दिवेलागणीला सासूबाईंना पत्र वाचून दाखवलं. त्यांनी हातातली वात वळून पुरी केली. मग म्हणाल्या, “तुला काय लिहायचंय ते लिही. माझं नाव मधे आणू नकोस.” थोड्या वेळाने म्हणाल्या, “आणायचं असलं तर आण.”

मी लिहिलं. आयुष्यात पहिल्यांदा नवऱ्याला मी असं पत्र लिहिलं की ज्यात चौकशी खाली आणि मुद्दा वर. ‘मला एप्रिलअखेरीपर्यंत रजा मिळत नाही. वर्ग माझ्या नावावर आहे. सुट्टी लागली की आई आणि मी दोघी येऊ, आणि शाळा उघडायच्या आत परत निघू. तोवर स्वैपाक आपला आपण करून बघावा. स्टोव्ह आहेच. आमची दोघींची प्रकृती ठीक, आपली कळवावी.’ पाकीट डाकेत टाकलं. आमच्या घराण्यात रजा ही गोष्ट पुरुषांची. ‘मला रजा मिळत नाही’ असं म्हणणारी बाई ह्यांनी कुठे पाहिलेली?

उत्तर यायला आठ दिवस लागले. त्या आठ दिवसांत सासूबाईंनी मला एकदाही काही विचारलं नाही, पण डाकवाल्याची वेळ झाली की त्या दाराशी शेंगा सोलत बसायच्या. आठव्या दिवशी पाकीट आलं. पत्त्यात माझ्या नावापुढे, चांगल्या दफ्तरी अक्षरात, ‘शिक्षिका’ असं लिहिलेलं होतं. आत रागाचा शब्द नव्हता, लाडाचाही नव्हता. पहिल्याच ओळीत विचारलं होतं की वरणाला हिंग फोडणीत घालायचा की वरून, आणि डाळ शिजली हे ओळखायचं कसं.